ताईच्या विमानाची काच

मी गाड्यांच्या काचा बसवतो. लालबागच्या पुलाजवळ माझा गाळा आहे, त्यात दोन गाड्या जेमतेम उभ्या राहतात. फुटलेली काच काढायची, चौकट खरवडून साफ करायची, प्रायमर लावायचा, गनने काळ्या गमची एकसारखी वळी ओढायची आणि तिच्यावर नवी काच बसवायची. तीस वर्षं हेच करतोय आणि तीस वर्षं घाबरत करतोय.

त्याला कारण आहे. धंद्यात नवा होतो तेव्हा एका गिऱ्हाइकाने घाई केली. "संध्याकाळपर्यंत गाडी हलवू नका, गम ओला आहे," असं मी म्हणालो, पण जोर लावून म्हणालो नाही. तो गाडी घेऊन गेला. घाटात गाडी खड्ड्यात आपटली आणि अख्खी काच सुटून आत आली. शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोच्या कपाळाला टाके पडले. तो भांडायला आला नाही, हे जास्त वाईट झालं. तेव्हापासून मी लावलेली काच गाडीबरोबर निघून गेली तरी माझ्या डोक्यातून जात नाही. कुठेतरी हायवेवर ती हलत असेल असं वाटत राहतं.

माझी मोठी बहीण माझ्या अगदी उलट. आमचे वडील गिरणीत होते, चाळीत दोन खोल्या, आणि त्या खोल्यांमध्ये ताई विमानाच्या इंजिनाची पुस्तकं वाचत बसायची. मी दहावीला आपटलो. ती शिकली, आणि सांताक्रूझच्या हँगरमध्ये विमानांच्या दुरुस्तीला लागली. तिच्या तुकडीत दुसरी मुलगी नव्हती. लग्न केलं नाही. दादरला स्वतःचं घर घेतलं. नोकरीत तिची भाषाही बदलली. आई घरात मालवणी बोलायची, मी चाळीतली मराठी बोलायचो, आणि ताई बातम्या द्यायला बसल्यासारखं बोलायची. तिला घाबरलेली मी कधीच पाहिली नव्हती. आई गेली तेव्हाही सगळ्यांना फोन तिनेच केले.

निवृत्त झाल्यावर तिने विमान बांधायला घेतलं. खेळण्यातलं नव्हे, दोन माणसं बसतील असं. खोक्यांमधून सुटे भाग आले. रे रोडला एका लाकडाच्या वखारीत अर्धी शेड तिने भाड्याने घेतली आणि तीन-साडेतीन वर्षं तिथे पत्रे जोडत राहिली. मी कधी रविवारी जायचो, धर म्हणाली ते धरायचो. हे विमान कधी पुरं होणार नाही अशी माझी मनातून खात्री होती आणि त्या खात्रीवर माझं बरं चाललं होतं.

मग एका एप्रिलमध्ये तिचा फोन आला.

"अरे, तू काचा चिकटवतोस ना? माझी कॅनॉपी चिकटवायची आहे."

कॅनॉपी म्हणजे विमानात बसणाऱ्यांच्या डोक्यावरचा पारदर्शक घुमट. तो धातूच्या चौकटीवर बसतो आणि चौकटीसकट पुढच्या बाजूला उघडतो, गाडीचं बॉनेट उघडावं तसा.

"स्क्रू मार ना ताई," मी म्हणालो.

"भोक पाडलं की तिथून चीर जाते. चिकटवायचीच आहे. आणि माझ्या ओळखीत हे काम तुझ्याइतकं कुणी केलेलं नाही."

ती माझ्या कामाबद्दल असं काही पहिल्यांदाच बोलली होती. त्याच्यामुळे मी हो म्हणालो. फोन ठेवला आणि मग सुचलं. गाडीची काच सुटली तर गाडी थांबवता येते.

पहिल्याच दिवशी माझी चूक होता होता राहिली. सवयीने मी फडक्यावर थिनर ओतला आणि घुमटाची कड पुसायला वाकलो. ताईने माझं मनगट पकडलं.

"काच नाही रे ही. अ‍ॅक्रिलिक आहे, प्लास्टिक."

तिने कापून उरलेली एक पट्टी घेतली, हाताने थोडी वाकवून धरली आणि तिच्यावर थिनरचं फडकं फिरवलं. मिनिटभरात त्या पट्टीत केसासारख्या चिरा पसरत गेल्या. आवाज नाही, काही नाही. मी ते बघत उभा राहिलो. काच फुटते तेव्हा सांगून फुटते. ही वस्तू आतल्या आत फुटत होती.

त्यानंतर मी तिथली प्रत्येक गोष्ट दोनदा विचारून करू लागलो. घुमटाची कड आम्ही बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत केली, कारण एक खाचसुद्धा राहिली तर तिथून तडा सुरू होतो. गम धरून ठेवावा म्हणून दोन बोटं रुंदीची पट्टी खरबरीत केली. आणि गम कुठला वापरायचा यावर आमचं बोलणं झालं.

ताईला साधा गम चालणार होता, सुकायला दिवस घेणारा. मलाच तो नको होता. दिवसभर घुमट ओल्या गमवर राहणार, तेवढ्यात जरा सरकला तर? मला घाटातली गाडी दिसत होती. मी दोन नळ्यांचा फास्ट गम सुचवला. गनमध्येच दोन्ही मिसळतात आणि अर्ध्या तासात पकड येते. ताई म्हणाली, "उन्हाळा आहे, त्याहून लवकर येईल." मी म्हणालो, "मग बरंच की." ती तयार झाली. हे मी इथे लिहून ठेवतो, कारण पुढचं जे झालं त्यातला माझा वाटा हा आहे. भीतीपोटी मी फास्ट गम निवडला.

मे महिन्यातला रविवार होता. वखार बंद, करवती बंद, फाटकावरचा वॉचमन जेवायला गेलेला. शेडचं पत्र्याचं छप्पर तापलेलं. बेत असा होता: विमानाचा काठ आणि चौकट यांच्यामध्ये गम उतरला तर दोन्ही एकमेकांना चिकटतील, म्हणून काठावर सगळीकडे पॅकिंगची टेप मारायची. चौकट बंद करून ठेवायची, म्हणजे ती पिळली जाणार नाही. ताई लहानखुरी, ती आत सीटवर बसणार आणि आतून बाहेर येणारा गम बोटाने सारखा करणार. मी बाहेरून घुमट ठेवणार. थोडी पकड आली की चौकट हळूच उचलून ताई बाहेर येणार. सीटमागे एक भोक होतं, पण डोकं जेमतेम जाईल एवढंच. भुसा उडून गमवर बसू नये म्हणून ताईने त्यावर प्लास्टिक चिकटवलं होतं.

ती आत बसली. मी चौकटीवर वळी ओढली. हात चांगला चालला, सबंध वळीत एक फुगा आला नाही. मग काच उचलायचे रबरी कप घुमटाला लावले, घुमट उचलला आणि खाली आणला. ताईने आतून दोन्ही तळहात वर केले आणि तो अलगद बसवून घेतला. डब्याला झाकण लावावं तसं मी माझ्या बहिणीवर झाकण लावलं.

"डावीकडे जरा दाब," आतून आवाज आला. लांबून बोलल्यासारखा.

मी पट्टे आवळले, चिमटे लावले. ती आतून हातमोज्याच्या बोटाने गम सारखा करत पुढून मागे गेली. तिचा चष्मा धुरकटला तो तिने काढून ठेवला. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. मी बाहेर सांडलेला गम दाबून बघितला. तो रबरासारखा झाला होता. माझ्या अंदाजापेक्षा बराच लवकर.

"ताई, उघडूया का?"

तिने आतली कडी काढली, खांदा लावला. मी बाहेरून उचललं. चौकट हलली नाही.

"कडी निघाली ना?"

"निघाली आहे. उचल."

पुन्हा जोर लावला. चौकट तशीच, पण घुमटातून कुर्र असा आवाज आला. आम्ही दोघं एकदम थांबलो. मी वाकून बघितलं. उजवीकडे मागच्या बाजूला घामाने की उष्णतेने, टेपची कड सुटून वर आली होती. तिच्याखालून गम उतरला होता आणि चौकट विमानाला चिकटली होती. दीड-दोन फूट. डावीकडे गेलो. तिथेही हातभर.

मी पुन्हा उजवीकडे येऊन बघितलं. तेच होतं.

"काय झालं?" ताईने विचारलं.

"चिकटलंय."

"किती?"

मी सांगितलं. तिने आतून ती कड चाचपली. मग नेहमीच्या आवाजात म्हणाली, "वायर आणली आहेस ना?"

जुनी काच काढताना आम्ही पोलादी वायर वापरतो. टोच्याने गमला आरपार भोक पाडायचं, वायरचं टोक आत द्यायचं, एक माणूस गाडीत आणि एक बाहेर, दोघांनी आळीपाळीने ओढायचं. वायर करवतीसारखी गम कापत जाते. माझ्या पिशवीत ती होती. मी फोनही काढला. "ताई, फायर ब्रिगेडला बोलावतो."

"ते फोडतील. आधी वायर दे."

मी ऐकलं. आयुष्यभर तिचं ऐकत आलो होतो.

टोच्या मारताना मी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. टोच्या जरा वर गेला असता तर अ‍ॅक्रिलिकच्या कडेला लागला असता. वायर आत गेली. तिने तिचं टोक स्क्रू-ड्रायव्हरला गुंडाळलं आणि आम्ही ओढायला लागलो. एकदा मी, एकदा ती. एकदा मी, एकदा ती. बोटभर कापायला मिनिट लागत होतं.

घुमटाखाली ऊन नव्हतं, पण भट्टी होती. छपराची धग वरून, प्रायमरचा उग्र वास आतून. ताईने पाय मागे घालून त्या भोकावरचं प्लास्टिक फाडलं. त्याने फार काही फरक पडला नाही. तिचं वय एकसष्ट आणि ती ब्लडप्रेशरची गोळी घेते. हे मला आधीपासून माहीत होतं, पण आठवलं तेव्हाच. कोपऱ्यात पोती पडली होती ती मी पाण्याच्या पिंपात बुडवून घुमटावर टाकली. सगळीकडे टाकली असती तर ती मला दिसली नसती. म्हणून अर्ध्याच भागावर टाकली आणि उरलेल्या अर्ध्यातून तिचा चेहरा बघत ओढत राहिलो.

उजवी बाजू सुटली. डावीकडे भोक पाडून वायर घातली. आता ती ओढून झाली की मध्ये थांबत होती.

"ताई, ओढ."

वायर थोडी गेली.

"ताई, तुझी पाळी."

वायर सैल पडली. मी काचेला तोंड लावून हाका मारल्या. ती माझ्याकडे बघत होती, पण मी कोण ते तिला कळत असेल असं वाटलं नाही. केस कपाळाला चिकटलेले, ओठ पांढरे. मग तिचे ओठ हलले. मी कान लावला.

"माका भायर काढ, बाबू," ती म्हणाली. "माझो जीव घाबरता."

चाळीस वर्षांत तिच्या तोंडून मी मालवणी ऐकली नव्हती. आई सोडली तर मला कुणी बाबू म्हटलेलं नव्हतं. त्या एका वाक्याने मी जेवढा घाबरलो तेवढा चिकटलेली चौकट बघून घाबरलो नव्हतो.

हातोडा हाताशी होता. "तोंड झाक!" मी ओरडलो. तिने झाकलं नाही. तिच्यापासून सगळ्यात लांब, पुढच्या बाजूला मी हातोडा घातला. तो उसळून परत आला, माझ्या खांद्यापर्यंत झिणझिण्या आल्या. दुसरा घाव घातला. ओरखडासुद्धा पडला नाही. काच अशी कधी वागत नाही. तीस वर्षांत मला एकही काच फोडायला दोन घाव लागले नव्हते. मी तेव्हा रडत होतो बहुतेक. तिसरा घाव सगळं अंग टाकून घातला आणि कड्डकन एक तडा पुढून मागपर्यंत गेला. त्या दणक्याने डावीकडचा उरलेला गमही फाटला. चौकट चार बोटं वर आली. मी फटीत खांदा घातला आणि तशीच वर रेटली. चिमटे उडाले, घुमटाचा एक तुकडा खाली पडला.

ताईला काखेत हात घालून ओढून काढलं. तिचं अंग कोरडं आणि तापलेलं होतं, घाम यायचा थांबला होता. ओली पोती जमिनीवर टाकून तिला दारात झोपवलं, पिंपातलं पाणी ओतलं. वॉचमन परत आला होता, तो टॅक्सी आणायला पळाला. परळच्या हॉस्पिटलात जाईपर्यंत मी रस्ताभर तिच्याशी बोलत होतो आणि ती उत्तर देत नव्हती.

डॉक्टर म्हणाले, उष्णतेचा झटका, आणखी थोडा वेळ गेला असता तर सांगता आलं नसतं. सलाइन लावलं. मी बाकावर बसलो, दोन्ही हातांना काळा गम. शेजारच्या बाईने जरा सरकून घेतलं. संध्याकाळी ताईने डोळे उघडले, खोली बघितली, मला बघितलं.

"किती फुटली?"

"गेली. पूर्ण."

तिने भिंतीकडे तोंड केलं. मला वाटलं, रागावली. तीन आठवडे ती फोनवर हो-नाही एवढंच बोलायची. मग एक दिवस गाळ्यावर आली. मी एका टेम्पोची काच बसवत होतो. ती स्टुलावर बसून राहिली, काम संपेपर्यंत.

"टेप मी लावली होती," ती म्हणाली. "शेवटचे दोन-तीन फूट मी दाबले नव्हते. म्हटलं, होईल."

"गम माझा होता," मी म्हणालो.

"मी आत काय काय बोलले?"

"काही नाही. ओढ म्हणत होतीस."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. मी खोटं बोलतोय ते तिला कळलं आणि तिला तसंच हवं होतं, हेही मला कळलं.

नवा घुमट यायला सात महिने लागले. मी नाही म्हणणार होतो. बायकोने सांगितलं होतं, पाय ठेवायचा नाही त्या शेडमध्ये. पण ताईला दुसरा कुणी मिळाला तर तो कसा असेल, या विचाराची मला जास्त भीती वाटली. मी अटी घातल्या. गम साधा, सावकाश सुकणारा. टेप दोघांनी दोनदा तपासायची. सकाळी सातला सुरू, दहाच्या आत बंद. आणि आत मी बसणार.

"तू? तुला लिफ्टमध्ये जायला भीती वाटते."

"म्हणूनच. जरा काही झालं तर मी लगेच ओरडेन. तू ओरडत नाहीस."

जानेवारीतल्या सकाळी मी आत बसलो आणि तिने वखारीतल्या एका माणसाला मदतीला घेऊन घुमट माझ्यावर उतरवला. बाहेरचे आवाज गेले. माझा श्वास मला ऐकू यायला लागला. गम बोटाने सारखा करायचा होता आणि माझं बोट दर वीतभर अंतरावर थांबत होतं. ताई बाहेरून माझ्याबरोबर सरकत होती, काचेपलीकडे तिचा चेहरा, आणि ती अखंड बोलत होती. आई कोलंबीची आमटी कशी करायची, चाळीत पाणी कधी यायचं, काहीही. मी अकरा मिनिटं आत होतो. चौकट सहज उघडली. बाहेर आल्यावर मी शेडच्या मागे जाऊन ओकलो.

मग सीलचं काम झालं. चौकट आणि काठ यांच्यामध्ये सगळीकडे रबरी पट्टी बसवली, वरून पाइपने पाणी मारलं, ताई आत कागद धरून बसली. दोन ठिकाणी थेंब आला, ते भरले. परवानग्या यायला आणखी वर्ष गेलं. विमानाचे पंख काढून ट्रकवरून ते घाटावरच्या एका छोट्या धावपट्टीवर नेलं. ब्लडप्रेशरमुळे ताईला स्वतः उडवता येणार नव्हतं. चाचणीला एक निवृत्त पायलट आले होते, शांत गृहस्थ. त्यांनी मला विचारलं, "काच तुम्ही बसवली?" मी मान डोलावली. त्यांनी घुमटावर दोनदा टिचकी मारली आणि आत बसले.

विमान धावलं, उचललं गेलं, डोंगराकडे वळलं. ताई हात पाठीमागे बांधून बघत होती. मला बघवेना. मी ट्रकच्या पलीकडे जाऊन जमिनीवर बसलो आणि नुसता आवाज ऐकत राहिलो. आवाज लहान झाला की घुमट गेला असं वाटायचं, मोठा झाला की विमान खाली येतंय असं वाटायचं. ते वीस मिनिटांनी खरंच खाली आलं, चाकांवर, सरळ.

पायलटांनी कॅनॉपी उघडली. "इंजिन उत्तम. उजवीकडे मागून शिट्टी वाजतेय. हवा शिरते आहे कुठूनतरी."

ताईने माझ्याकडे बघितलं. मी आधीच पिशवीतून गन काढली होती. रबरी पट्टी जिथे कोपऱ्यात वळते तिथे नखभर फट राहिली होती. पाण्याला ती सापडली नव्हती, वाऱ्याला सापडली. मी ती भरली, बोटाने सारखी केली.

"आज आता दुसरं उड्डाण नाही," मी पायलटांना म्हणालो. "उद्या सकाळपर्यंत कुणी याला हात लावायचा नाही."

"ऊन आहे की. तासाभरात सुकेल," ते म्हणाले.

"नाही," मी म्हणालो. "उद्या."

ते ताईकडे वळले. ती म्हणाली, "तो म्हणतोय तर उद्या."

धावपट्टीजवळच्या खोलीत पायलट झोपायला गेले. ताई आणि मी विमानाशेजारी खुर्च्या टाकून बसलो. ती मला इंजिनाबद्दल काही सांगत होती. मी दर थोड्या वेळाने उठून गम सुकला का ते बघायला त्या कोपऱ्याला बोटाची पाठ लावून येत होतो.